आधी काडतूस ठरवा, बंदूक मग

वाचकाचं पत्र: आम्ही घरात चौघं, मी, बायको, चौदा वर्षांची मुलगी (डावखुरी आहे) आणि माझे वडील. वस्तीपासून बरंच लांब, जंगलाला लागून राहायला जातोय. समजा काही कारणाने वर्ष दोन वर्षं बाहेरून काहीच मिळालं नाही तर शिकारीसाठी आणि जनावरांपासून बचावासाठी घरात कुठल्या बंदुका असाव्यात? मी एक सेमी ऑटोमॅटिक रायफल, एक लांब पल्ल्याची स्कोपवाली, दोन पिस्तुलं आणि एक शॉटगन अशी पाच नावं काढलीत, पाचही वेगळ्या काडतुसाच्या. वडिलांची एक जुनी दुनळी पण आहे, खूप वर्षं वापरलेली नाही, ती चालेल का? मला मशीनमधलं फारसं कळत नाही, त्यामुळे साधं आणि न बिघडणारं काय ते सांगा.

उत्तर:

दादा, तुमची यादी वाचली आणि पहिल्यांदा खटकलं ते काडतुसांचं. पाच बंदुका आणि पाच जातीची काडतुसं म्हणजे पाच वेगळे साठे, पाच वेगळ्या मापाचे ब्रश, पाच बंदुकांचे सुटे भाग, आणि अंधारात घाईघाईत भलतंच काडतूस हाताला लागायची भीती ती वेगळीच. एक साठा संपला की त्याची बंदूक म्हणजे नुसता लोखंडी दांडा. लोक बंदूक निवडतात आणि मग तिच्यासाठी काडतूस शोधत बसतात, मी गेली बरीच वर्षं नवशिक्यांना नेमबाजी शिकवतेय आणि प्रत्येकाला हे उलटं करायला सांगते.

यावर एक खरी गोष्ट आहे. १९६५ मधे सोव्हिएत रशियाचं व्होस्खोद-२ हे यान ठरलेल्या जागेपासून कितीतरी लांब, उरलच्या बाजूच्या बर्फाच्या जंगलात उतरलं, अलेक्सेई लिओनोव्ह आणि पावेल बेल्यायेव या दोघांना तिथे दोन रात्री काढाव्या लागल्या, लांडग्या-अस्वलांचा मुलुख आणि जवळ फक्त पिस्तूल. पुढे लिओनोव्ह यांनी नेट लावला आणि अंतराळवीरांसाठी टीपी-८२ नावाची खास बंदूक तयार झाली, वर छर्‍यांच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक, आणि दस्ता काढला की त्याचाच कोयता. १९८६ पासून ती यानातल्या सामानात असायची. इतका विचार करून बनवलेली वस्तू, पण काडतुसं तिची एकटीची होती, दुसर्‍या कशात न चालणारी, आणि २००७ च्या सुमारास ती बंदूक बाजूला पडली कारण ती काडतुसं जुनी होऊन भरवशाची राहिली नव्हती. बंदूक ठणठणीत होती बरं का. एका देशाच्या अंतराळ खात्याला जे जमलं नाही ते आपल्याला घरी जमेल असं धरून चालू नका.

तर काडतूस असं घ्या जे जगात सगळीकडे बनतं आणि खूप बनतं. पहिलं म्हणजे पॉइंट टू टू लाँग रायफल. हे १८८७ पासून आहे आणि आजही तसंच आहे. एक काडतूस जेमतेम साडेतीन ग्रॅमचं, म्हणजे पाचशे काडतुसं पावणेदोन किलोच्या आत बसतात, एका हातात उचलता येतात. याउलट बारा बोर शॉटगनचं एक काडतूस ४५-५० ग्रॅमचं, शंभर घेतली की साडेचार पाच किलो झाली. .३०८ रायफलचं साधारण २५ ग्रॅम. तुम्ही पाठीवर सामान घेऊन चालणार असाल किंवा एका खोलीत दोन वर्षांचा साठा ठेवणार असाल तर हा हिशोब आधी मांडा, बंदुकीचा फोटो मग बघा.

पॉइंट टू टू ची ताकद कमी, साधारण १९० ज्यूलच्या आसपास, आणि .३०८ ची साडेतीन हजारांच्या घरात, म्हणजे अठरापट वगैरे फरक. त्यामुळे ससा, पक्षी असल्या छोट्या सावजाला ती पुरते, मोठ्या जनावरावर ती चालवायची नाही, जखमी होऊन पळालेलं जनावर तिकडे हाल हाल होऊन मरतं आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. पण जंगलात रोजच्या रोज जे दिसतं ते छोटंच असतं. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, मुलगी आणि वडील दोघंही आरामात चालवतील, आणि सरावाला काडतुसं खर्च करताना जीव वर-खाली होणार नाही. एक मात्र, लहान आहे म्हणून तिला खेळणं समजू नका, वर रोखून झाडलेली गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते आणि तिथे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नसतं.

आता तुमचा मुख्य शब्द, साधं. साधं म्हणजे स्वस्त नव्हे आणि जुनं पण नव्हे. मी साधं कशाला म्हणते तर बार उडाल्यावर पुढचं काम कोण करतं ते बघा. सेमी ऑटोमॅटिकमधे ते काम काडतूसच करतं, त्याच्याच जोरावर बोल्ट (काडतुसाला मागून बंद करणारा दांडा) मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत येतं. म्हणजे काडतूस जरा कमजोर निघालं, जुनं झालं, आत काजळी साठली, मॅगझिनची स्प्रिंग सैल पडली, की साखळी तुटली. बोल्ट अ‍ॅक्शनमधे हे सगळं तुमचा हात करतो. बार फुसका निघाला तरी बोल्ट ओढता येतो, पुंगळी अडकली तर तळहाताचा रट्टा देता येतो. पॉइंट टू टू मधे कमी आवाजाची धीमी काडतुसं मिळतात, त्यांच्यावर बर्‍याच सेमी ऑटो चालतच नाहीत, अर्ध्यात अडकतात, बोल्टवालीला काही फरक पडत नाही. १९६४ पासून येणारी रुगर १०/२२ ही सेमी ऑटो चांगली आहे, तिचे भाग सगळीकडे मिळतात, तिला मी वाईट म्हणणार नाही, पण ज्याला मशीनचं कळत नाही आणि दुकान दोन वर्षं बंद आहे अशा माणसाला मी बोल्टवालीच देईन.

आणि हे फक्त माझं मत आहे असं नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स १९४७ पासून सत्तरेक वर्षं ली-एनफिल्ड घेऊन फिरले, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, आणि बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी परत बोल्ट अ‍ॅक्शनच घेतली, टिक्काची, .३०८ मधली. ग्रीनलँडमधे कुत्र्यांच्या स्लेजवर हिंडणार्‍या डेन्मार्कच्या सिरियस पथकाने कित्येक वर्षं पहिल्या महायुद्धाच्या काळातली एम १९१७ रायफल वापरली, पांढर्‍या अस्वलांच्या मुलखात. या लोकांना नवीन रायफल परवडत नव्हती असं नाहीये, हाडं गोठवणार्‍या थंडीत हातमोजे घालून जे चालतं ते त्यांनी ठेवलं. मोठ्या जनावराचा खरंच धोका असेल किंवा मोठी शिकार करावीच लागणार असेल तरच तिसरी बंदूक म्हणून अशी एक बोल्ट अ‍ॅक्शन घ्या, .३०८ किंवा तुम्ही जाताय तिथे जे सेंटरफायर (बुडाच्या मधोमध टोपी, म्हणजे बार पेटवणारा भाग, असलेलं) काडतूस सगळ्यात जास्त चालतं ते. बोल्टच्या कडेला लांब पट्टीसारखा मोठा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, असलेली, १८९८ च्या माउझरच्या वळणाची मिळाली तर उत्तम, तो काडतुसाची कड सुरुवातीपासूनच धरून ठेवतो त्यामुळे बंदूक आडवी-तिडवी असली तरी काडतूस सुटत नाही. स्कोप लावा, पण नळीवर लोखंडी माशी आणि मागची खाच असलेलीच रायफल घ्या, स्कोप आपटला की सरकतो, काच धुक्याने भरते, आणि तेव्हा नेम धरायला काहीतरी लागतं.

दुसरी बंदूक बारा बोर. एकनळी, मोडून (नळी बिजागरीवर खाली पाडून) भरायची, हिच्याइतकं साधं काही नाही. एक घोडा, एक पिन, दोन तीन स्प्रिंगा, एक बिजागरी. काडतूस आत आहे की नाही ते नळी मोडली की डोळ्याला दिसतं, नवशिक्यासाठी याच्यासारखी सुरक्षित गोष्ट नाही. पुढे सावजाप्रमाणे छर्रे बदला, बारीक घातले तर पक्षी, जाड घातले तर मोठं जनावर, अख्खी गोळी म्हणजे स्लग घातला तर जवळून अस्वलसुद्धा. एकाच बंदुकीत हे सगळं दुसरं कोणी करत नाही. एकच बार मिळतो हा तिचा तोटा, तो नको असेल तर पंप अ‍ॅक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून भरायची), रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५००. पहिली १९५० ची आणि दुसरी १९६० च्या आसपासची, दोन्ही इतक्या खपल्यात की त्यांचा कुठलाही भाग कुठेतरी सापडतोच. तुमची मुलगी डावखुरी आहे म्हणून मॉसबर्ग बघा, तिची सेफ्टी वर मधोमध आहे, दोन्ही हातांनी सारखीच चालते. पंपात चूक होते ती माणसाची, घाबरला की पूर्ण मागे न ओढता अर्ध्यातून पुढे ढकलतो आणि काडतूस अडकतं. सरावाने जातं ते, पण सराव करायलाच हवा.

बारा बोरचा धक्का खांद्याला लागतो, हे तुमच्या बायकोने आणि वडिलांनी झाडून बघितल्याशिवाय घेऊ नका. हलक्या भाराची काडतुसं मिळतात, दस्त्याला रबर लावता येतं, दस्ता आखूड करता येतो. काही जण म्हणतील त्यांच्यासाठी वेगळी वीस बोर घ्या. माझा विरोध आहे आणि कारण धक्का नाही. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत पडलं तर ते पुढे सरकून मधेच अडकतं, नळी मोडून बघितली तर भरायची जागा रिकामी दिसते, माणूस मागून बारा बोरचं घालतो आणि चाप ओढतो, नळी फुटते, हात जातो. वीस बोरची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणाने. पण रात्री बॅटरी नसताना पिवळं काय आणि लाल काय. एका घरात दोन्ही नकोत.

पिस्तुलं दोन्ही यादीतून काढा असं मी म्हणेन. पिस्तुलाने नेम लागायला सगळ्यात जास्त सराव लागतो, सगळ्यात जास्त काडतुसं त्यातच जातात, पोटाला त्याचा उपयोग सगळ्यात कमी, आणि घरातल्या माणसाचाच जीव जायचा धोका त्यातच जास्त, कारण ते कुठेही वळतं. बहुतेक ठिकाणी परवान्याची भानगडही त्याचीच मोठी. फारच वाटलं तर .३५७ चं एक रिव्हॉल्व्हर, त्यात .३८ स्पेशलची काडतुसंही चालतात. पण रिव्हॉल्व्हर कधी बिघडत नाही या बोलण्यावर जाऊ नका, ते धूळ खात पडलं तरी चालतं हे खरं, पण एकदा पडून चक्राचा मेळ चुकला की ते घरी दुरुस्त होत नाही.

ठासणीच्या बंदुकीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी तुम्हाला ते सुचवणार म्हणून सांगून ठेवते. काडतुसं लागत नाहीत हे ऐकायला छान वाटतं, पण काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि त्याच दिवशी साफ केली नाही तर नळी गंजायला लागते, शिवाय भरायला वेळ जातो आणि ओल्या हवेत बारच उडत नाही. ज्याला मशीनचं कळत नाही त्याने तिकडे जाऊ नये.

आता ज्यावर मला खरं बोलायचंय ते. बंदूक बिघडते ती मोठ्या भागाने नाही, चिमटीत मावणार्‍या भागाने. माझ्याच पॉइंट टू टू चा एक्स्ट्रॅक्टर झिजला होता, मला कळलंच नव्हतं, एक दिवस पुंगळ्या बाहेर यायच्या बंद झाल्या आणि प्रत्येक बारानंतर चाकूच्या टोकाने उकरून काढत बसले. नखाएवढा लोखंडाचा तुकडा, तो जवळ असता तर दहा मिनिटांचं काम होतं. त्या दिवसापासून प्रत्येक बंदुकीमागे फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, त्यांच्या स्प्रिंगा, दस्त्याचे स्क्रू, मॅगझिनवाली असेल तर दोन जास्तीची मॅगझिन, आणि त्या स्क्रूला बरोबर बसणारा पेचकस अशी एक पुडी मी बंदुकीसोबतच ठेवते. तुम्ही चौथी-पाचवी बंदूक घेणार होतात ना, तो पैसा इथे घाला आणि उरलेला काडतुसांत. किंवा हवी तर तीच पॉइंट टू टू एकसारखी दुसरी घ्या, मग एकीचे भाग दुसरीला चालतात, हा सगळ्यात भक्कम सुटा भाग.

साफसफाईसाठी लोखंडी गज, मापाचा पितळी ब्रश, सुती चिंध्या आणि पातळ तेल. इथे लोक कमी नाही, जास्त करतात. तेल ओतून ठेवतात आणि मग त्याच्यात धूळ बसून चिखल होतो, कडक थंडीत तेल घट्ट होतं आणि पिन हळू पडते, बारच उडत नाही. आतल्या भागांना फक्त पुसट हात. खूप गारठा असेल तर तेल पूर्ण पुसून ग्राफाइटची पूड. दमट किंवा समुद्राच्या हवेत मात्र बाहेरचं लोखंड रोज पुसायचं, हाताच्या घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात, तिथे स्टेनलेस स्टील परवडत असेल तर घ्या. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत बंदूक कायमची ठेवायची नाही, दोन्ही ओल धरतात. गारठ्यातून गरम खोलीत आणलेल्या बंदुकीवर दव धरतं, ती पुसून कोरडी झाल्याशिवाय कपाटात जात नाही. जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात मिळाली तर लक्षात ठेवा, त्यातल्या काहींच्या टोपीत असा क्षार असतो जो नळी खातो, तो तेलाने निघत नाही, आधी पाण्याने धुवायची, मग कोरडी, मग तेल.

काडतुसं कोरड्या, गार, अंधार्‍या जागी, हवाबंद डब्यात. अशी ठेवली की कित्येक वर्षं टिकतात. डब्यावर महिना-वर्ष लिहा आणि जुनी आधी वापरा. पॉइंट टू टू ची काडतुसं ओल जास्त मनाला लावून घेतात आणि ती परत भरता येत नाहीत, म्हणून त्यांचीच काळजी जास्त. सेंटरफायर परत भरता येतात म्हणून यंत्र घ्यायचं मनात येईल, पण टोपी काही घरी बनत नाही, ती संपली की यंत्र पडून, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत त्या फंदात पडू नका.

चाप ओढला आणि काही झालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून अर्धा मिनिट थांबायचं, काही बार उशिरा उडतात. आणि बाराऐवजी नुसता फुस्स आवाज आला तर पुढचा बार अजिबात काढायचा नाही, गोळी नळीतच असू शकते. पूर्ण रिकामी करा, मागून नळीत उजेड बघा. चिखलात किंवा बर्फात नळी टेकली तरी हेच. बाकी नेहमीचे नियम चौघांनाही पाठ हवेत, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नको तिकडे तोंड करायचं नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही, आणि सावजाच्या पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय झाडायची नाही. कानाला संरक्षण सरावात रोज, दोन वर्षं डॉक्टर नसेल तर गेलेला कान परत येणार नाही.

अजून एक, पोटाचं. दोन वर्षं बंदुकीवर घर चालत नाही. दोन चार बार ऐकले की आसपासचं जनावर लांब जातं, आणि प्रत्येक बाराला एक काडतूस कमी होतं. गळ, जाळं, भाजीचे वाफे, साठवलेलं धान्य यावर घर चालेल आणि बंदूक वरची भर घालेल असा हिशोब ठेवा, मग आठवड्याला पाच सहा काडतुसांत भागतं आणि पॉइंट टू टू ची हजार काडतुसं तुम्हाला खरोखर पुरतात. सरावाला वेगळी धरा.

आणि हे तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण लिहिते. दोन वर्षं चार माणसं एकटी राहिली की कोणाचं ना कोणाचं मन खचतं, वय झालेल्यांचंही आणि चौदा वर्षांच्यांचंही, आणि घरात भरलेली बंदूक हाताशी असेल तर एका वाईट रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. बंदुका कुलपात, काडतुसं दुसर्‍या कुलपात, किल्ल्या तुमच्याकडे आणि बायकोकडे. जनावराच्या भीतीने एखादी बाहेर ठेवावी लागलीच तर ती मोठ्या माणसाच्या अंगावर, कोपर्‍यात उभी नाही. कोणी गप्प गप्प व्हायला लागलं तर त्या दिवसापुरत्या किल्ल्यांची जागा बदला आणि त्याच्याशी बोला, संकोच करू नका. परवाने सगळे आत्ताच, शांतपणे, तुमच्या तिथल्या कायद्याने काढून घ्या, आणि मुलीने कितव्या वर्षी कोणाच्या देखरेखीत चालवायची तेही तिथेच विचारा.

राहिली वडिलांची दुनळी. तिच्यावर माया असेल, असू दे, पण तिच्यात आज काडतूस घालू नका. जुन्या बंदुकांची भरायची जागा कधी कधी ६५ मिलिमीटरची असते आणि आजची काडतुसं बहुतेक ७० ची, ती आत बसतात, पण बार उडताना काडतुसाचं तोंड उघडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. माप नळीच्या खालच्या बाजूला कोरलेलं असू शकतं, भिंग घेऊन बघा. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी आहे, आतून कुठे गंजली ते बाहेरून कळत नाही, ती भिंतीवरच राहू दे. नक्षी नसेल तर बंदूक दुरुस्त करणार्‍या जाणकाराकडे न्या, नळ्या आतून बघायला सांगा, बिजागरी हलते का बघायला सांगा, दोन्ही घोडे सेफ्टीवर धरतात का तेही. तो चालेल म्हणाला तर बारा बोर वेगळी घ्यायची गरजच नाही, दोन नळ्या, दोन चाप, एक बिघडली तरी दुसरी चालते, आणि वडिलांच्या हाताला तिचं वजन आधीपासून माहीत आहे. मग फक्त एक पॉइंट टू टू घ्या. जाणकार काय म्हणाला ते मला कळवा, नळीवरचा आकडा पण लिहा, त्यावरून काडतुसं कुठली मागवायची ते सांगते.